सोमाजी धुरकऱ्याचं डच

धुरकरी, म्हणजे गाडीवान, सोमाजी लोनबलेला एक गोष्ट मुळीच खपायची नाही. आपल्या रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून कुणी आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोललं, की त्याचं डोकं फिरायचं. सिरोंच्याकडचा एक तेलंगी व्यापारी एकदा त्याच्या रेंगीत बसून सोबत्याशी तेलुगूत बोलायला लागला, तर या बाबाने मुक्काम येईपर्यंत प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून त्याचा जीव खाल्ला. गोंडी तर त्याला लहानपणापासूनच येत होती, कारण कोसमटोल्यात अर्धी घरं गोंडांची. तेव्हा ती गोरी नर्स पहिल्यांदा रेंगीत बसली आणि बैलांशी आपल्या भाषेत गुलुगुलु बोलायला लागली, तसे सोमाजीने भर रानात बैल थांबवले.

"बाई," तो मागे वळून म्हणाला, "रेंगी माही, बैल माहे. अन् तुमी त्याईले काय सांगून राह्यल्या ते मलेच समजत नाई? हे काई बरं नाई जी."

बाई आधी घाबरली, मग हसली. म्हणाली, "मी सांगते त्यांना, की ते आहेत सुंदर."

"मंग माह्या बोलीत सांगा. नाईतर तुमची बोली मले शिकवा."

हे असं सुरू झालं. देशाला स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. बाई होती हॉलंडची, नाव नील्त्ये. ते नाव दोन दिवसांत गावाच्या तोंडात नीलाबाई झालं आणि मग तेच तिचं नाव. कुठल्याशा परदेशी संस्थेने तिला दवाखाना चालवायला धाडलेलं. दवाखाना कोसमटोल्यात आणि आठवड्याच्या फेऱ्या रानातल्या गावांना. रस्ते म्हणजे चाकोऱ्या, मध्ये नाले. मोटार तिथे काय डोक्यावर घेऊन जाणार? म्हणून सोमाजीची रेंगी आणि त्याचे दोन बैल, चित्र्या आणि तांबू.

सोमाजीने उमेदीची वर्षं घातली होती सागाची लाकडं वाहण्यात. आता त्याची पाठ लाकडं चढवू देत नव्हती, पण कासरा धरायला पाठ लागत नाही आणि बोलायला तर नाहीच नाही.

शब्द त्याने झपाट्याने उचलले. बैल, पाणी, झाड, वाट. पण शब्द आले म्हणून बोली येते का? पाण्याची तहान लागली म्हणून त्याने एकदा मोठ्या ऐटीत सांगितलं, "इक वातर ड्रिंक." मी पाणी पितो. सरळ तर आहे! नीलाबाई पोट धरून हसली. "इक ड्रिंक वातर," ती म्हणाली. म्हणजे मी पितो पाणी.

"काऊन? पानी आंधी दिसलं पाह्यजे ना! मंग पिणार."

"आमच्याकडे नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे पिणं आहे दुसरं. नेहमी दुसरं."

आणि हे एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पुढच्या फेरीला तिने 'आज' हा शब्द दिला, फांडाख. सोमाजी म्हणाला, बरं, आज मी पितो पाणी, "फांडाख इक ड्रिंक वातर." तर तेही चूक! "फांडाख ड्रिंक इक वातर." आज पितो मी पाणी. सोमाजी खवळला. म्हणाला, "अरे बाप्पा! ह्या 'मी'ले कोनं उचलून मांगं टाकलं? काल पावतर तर तो पुढं होता!"

 कोड्यात पडली की चावायची तसा नीलाबाईने खालचा ओठ चावला. मग तिने विचारलं, "सोमाजी भाऊ, तुम्ही नेत होता लाकडं, तेव्हा बंड्या कशा चालत होत्या?"

झालं! हा प्रश्न सोमाजीला विचारायचा म्हणजे पुढचा नाला येईपर्यंत दुसरं काही ऐकायला मिळणार नाही याची तयारी ठेवायची. त्याने सांगितलं. हिवाळ्यात सागाने भरलेल्या बंड्यांची, म्हणजे मोठ्या बैलगाड्यांची, रांग बल्लारशाहच्या रेल्वेकडे निघायची. पहिली बंडी रोज बदलायची, कारण वाघ आडवा आला तर पहिल्याच बैलांना. ती भीती सगळ्यांनी वाटून घ्यायची. पण दुसरी बंडी रांगेच्या मुखियाची, म्हणजे सोमाजीची. तिथून पुढच्यावर नजर राहते आणि मागच्याची हाक ऐकू येते. आज चैतू पुढे, उद्या कोलू पुढे, सोमाजी मात्र दुसराच. आणि काल पुढे असलेला आज कुठे? सोमाजीच्या मागे. सगळ्यांच्या शेवटी, कंदील घेऊन, लालसू मडावी. सोमाजीनंतर भरवशाचा माणूस तोच.

नीलाबाईने टाळीच वाजवली. "आमच्या बोलीत कामाचा शब्द आहे सोमाजी! पुढे येऊ दे कोणी पण. 'मी' आला, 'आज' आला, 'रानात' आला. सोमाजी बसतो दुसऱ्या बंडीत. आणि कामाचे शब्द असले दोन, तर दुसरा आहे लालसू. तो जातो शेवटी." आणि तिने म्हणून दाखवलं, "इक हेप वातर खेड्रोंकन." मी पाणी प्यालो आहे. हेप दुसऱ्या बंडीत, खेड्रोंकन शेवटच्या.

सोमाजीने बैल पुन्हा थांबवले. या वेळी रागाने नाही. एका आख्ख्या मुलखाची बोली आपल्या बंड्यांच्या रांगेसारखी चालते, हे ऐकून माणसाला थांबावंसं वाटणारच की.

नाल्याची गोष्ट पुढच्या एका फेरीत निघाली. त्या बोलीत 'कारण' म्हणायचं झालं तर ओमडाट म्हणतात, आणि ओमडाट आला की सोमाजीसुद्धा दुसऱ्या जागेवरून उठून शेवटी जाऊन बसतो. ओमडाट इक डॉर्स्ट हेप. कारण मला तहान आहे. सोमाजीला हे समजावून सांगावंच लागलं नाही. तो म्हणाला, "म्हंजे ओमडाट नाला होय. नाला आला का मुखिया बाजूले थांबते. सगळ्या बंड्या उतरवते अन् आखरीले आपली घालते. अन् हे तर आपल्याच बोलीसारखं झालं ना! आपलं काम आखरीलेच येते." तेव्हापासून सोमाजीला साधं वाक्य बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा, पण ओमडाटचं वाक्य तो झोपेतही बोलला असता.

आता ओटीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

दवाखान्यामागे घर बांधून होईपर्यंत नीलाबाई सोमाजीच्याच सपरीत, म्हणजे ओसरीत, राहिली होती. सोमाजीला मूल नव्हतं. त्याची बायको मनकर्णा आधी या गोऱ्या बाईला बिचकायची. पण त्या पावसाळ्यात मनकर्णा हिवतापाने आडवी झाली आणि नीलाबाई तिच्या खाटेला टेकून जमिनीवर झोपली, तिची ओकारी धुतली, तिला मांडीवर घेऊन औषध पाजलं. पोटची पोरगी याहून जास्त काय करते? त्या दिवसांत नीलाबाई आपल्या स्टोव्हवर चहा करायची आणि सोमाजी, मनकर्णा आणि गावातली जाणती माणसं सपरीत बसून तो प्यायची. चहात ती साखर कमी घालायची आणि सोमाजी तिला त्यावरून रोज बोलायचा.

घर झालं. नीलाबाई आपली पेटी उचलून निघाली, तेव्हा मनकर्णाने तिला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, तांदूळ आणि नारळ घेऊन ओटी भरली आणि तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. लग्न नाही, नवरा नाही, पण पोरीने वेगळी चूल मांडली म्हणजे लेक नांदायलाच निघाली की! सोमाजी दाराआड उभा राहून नाक पुसत होता. त्या दिवसापासून तो तिला 'अगे पोरी' म्हणायला लागला. आणि त्या दिवसापासून त्याने आणि मनकर्णाने नीलाबाईच्या घरी पाण्याचा थेंबही घेतला नाही.

यात सांगण्यासारखं काय आहे? लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही. आपण तिला द्यायचं, तिचं घ्यायचं नाही. सोमाजीने तिला लेक म्हटलं म्हणून ती गावाची लेक झाली, आणि गावातली वडीलधारी माणसंही तिच्या घरी पाणी घेईनाशी झाली. फेरीला जाताना सोमाजी आपला पाण्याचा तुंबा जवळ ठेवायचा. नीलाबाई चहाचा कप पुढे करायची, तो छातीला हात लावून म्हणायचा, "राहू दे, पोरी." काही महिन्यांनी तिने विचारणं सोडून दिलं. सोमाजीला मनातून फार बरं वाटलं. तो मनकर्णाला म्हणाला, "शहाणी होय आपली पोरगी. सांगा नाई लागत तिले."

तर असं होतं या शहाण्या माणसाचं.

वर्षं गेली. नीलाबाईला तीनदा हिवताप झाला, केसात पांढरं आलं. आणि एका हिवाळ्यात रेंगीत बसल्याबसल्या तिने सांगितलं, की तिची आई येते आहे, बोटीने, एवढ्या लांबून.

"बाप्पा! मंग चांगलंच झालं!" सोमाजी म्हणाला.

"ती येते मला न्यायला." नीलाबाई बैलांच्या शिंगांकडे बघत होती. "तिने सांगितलं, मी बघीन स्वतः. तुझी माणसं असली तिथे, तर मी जाईन परत गुपचूप. नसली, तर तू येशील माझ्यासोबत. आणि मी म्हटलं हो."

"मंग भेवाचं काय काम? तुही मान्सं नाईत का? आमी का दगडं होय?"

नीलाबाई काही बोलली नाही. आणि आमच्या या हुशार धुरकऱ्याला, ज्याला पुढच्या बंडीचं चाक कुरकुरलेलं मागून कळायचं, त्याला तिच्या गप्प बसण्यात काही आहे हे कळलं नाही. पण रात्री मनकर्णाच्या डोळ्यांचं पाणी खळेना, तेव्हा त्यालाही झोप लागली नाही. पोरगी गेली तर? दवाखान्याचं जाऊ द्या, दुसरी नर्स येईल. पण लेक कुठून आणणार?

आई आली. बल्लारशाहला सोमाजीच रेंगी घेऊन गेला. सत्तरीची, उंच, ताठ बुढी, हातात काठी. त्याने पाठ करून ठेवलेला डच नमस्कार सगळ्यांसमोर ऐन वेळी घशातच अडकला आणि त्याने नुसतेच हात जोडले. त्यामुळे बुढीला वाटलं, हा साधा गाडीवान, याला आपली बोली काय कळणार.

गावाने तिला काय नाही दिलं! कुणी दुधाचा गडवा आणला, कुणी चारोळी, कुणी नव्या धानाचे पोहे. मनकर्णाने जेवायला बोलावलं, पण बुढीचं पोट नाजूक. उकळलेल्या पाण्याशिवाय दुसऱ्या पाण्याला तिने आल्यापासून ओठ लावला नव्हता, म्हणून नीलाबाईच नको म्हणाली. बुढी घरात बसून सगळं बघत राहिली. तिचे डोळे मोठे तेज होते.

मग एके सकाळी बुढीने स्वतःच्या हाताने कॉफी केली. तिने ती डब्यात भरून आपल्या देशातून आणली होती. दवाखान्याच्या सपरीत सोमाजी, मनकर्णा, लालसू आणि गावातली म्हातारी मंडळी बसली होती. बुढी काठी बाजूला ठेवून, कपांचं ताट दोन्ही हातांनी धरून एकेकापुढे वाकली. लालसूने हात जोडले. मनकर्णाने मान हलवली. बुढी सोमाजीपुढे आली. सोमाजीने हसून छातीला हात लावला. "राहू द्या, माय."

बुढीने ताट खाली ठेवलं. कपांमधली कॉफी ताटात सांडली. ती लेकीकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नीमांट ड्रिंक्ट बै याउ."

सोमाजीचे कान टवकारले. नीमांट, कोणी नाही. दुसऱ्या बंडीत ड्रिंक्ट. तुझ्याकडे कोणी पीत नाही.

बुढी पुढे खूप काही बोलली. सगळं त्याला कळलं नाही, पण बोट दाखवल्यावर काय कळायचं राहतं? त्या कोपऱ्यात ज्यांच्या अंगावर जखमा आहेत ते पेशंट पितात. पण ही भली माणसं तुझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. ही तुझी माणसं? सामान बांध.

सोमाजीने नीलाबाईकडे बघितलं. आता ही सांगेल, हसून सांगेल, की आई, अगं तसं नाही. तर ती खाली मान घालून म्हणाली, "इक वेट हेट, मुडर." मला माहीत आहे, आई.

माहीत आहे? काय माहीत आहे हिला?

आणि तेव्हा कुठे सोमाजीच्या डोक्यात उजेड पडला. हिला माहीत नव्हतं! कप पुढे करायची ती थांबली ती समजली म्हणून नाही, दुखावली म्हणून. इतकी वर्षं ती या घरात एकटी बसून चहा पीत होती आणि आपल्याला वाटत होतं, शहाणी आहे पोरगी.  

तो उठला. "इक," तो म्हणाला आणि गाडी तिथेच रुतली. बुढी दचकून वळली. सगळी सपरी त्याच्याकडे बघत होती. "इक वातर... नाई, नाई. थांबा." त्याने डोळे मिटले. पहिली बंडी, मी. दुसरी, सोमाजी. "इक ड्रिंक हीर खेन वातर," मी इथे पाणी पीत नाही, आणि समोर नाला आला, तिथे तो जरा थांबला, एकेक बंडी सांभाळून उतरवली आणि सगळ्यांच्या शेवटी आपली घातली. "ओमडाट झै मैन डॉख्तर इस."

कारण ती माझी लेक आहे.

 बुढीने काहीतरी विचारलं, बहुतेक पुन्हा सांगा म्हणाली. सोमाजीने पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने, आणि शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फुटला.

नीलाबाईने मान वर केली. तिला मराठी आठवेना की डच, कोण जाणे. "सोमाजी भाऊ," ती म्हणाली, "म्हणून? तुम्ही पीत नव्हता म्हणून?"

"मंग तुले काय वाटलं?"

"मला वाटलं... घर झालं, तेव्हा घेतलं मी घरात एका महारोगी बाईला. तेव्हापासून तुम्ही नाही प्यायलात. मला वाटलं, तुम्हाला येते माझी किळस."

आता सोमाजी भडकला. रडता रडता भडकला. "अगे खुळे! किळस? तुही? अन् इतके वर्स मनात धरून बसली? एक डाव तरी विचाराचं होतं! डॉक्टरनी म्हनवते अन् एवढं समजत नाई तुले!"

"तिच्यावर काऊन वरडता?" मनकर्णा पायरीवरून कडाडली. "तुमी सांगतलं का तिले कधी? सगळ्या जगाची बोली शिकले, अन् पोरीले एवढं सांगता नाई आलं!" मग ती नीलाबाईजवळ गेली आणि तिचं डोकं छातीशी धरून म्हणाली, "अगे माय, ओटी भरली होती ना मी तुही. उगीच भरली होती का? मायबाप लेकीच्या घरचं पीत नाईत, पोरी. नाई पीत."

नीलाबाई मनकर्णाच्या कुशीत तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडली. मग डोळे पुसून तिने आईला सगळं सांगितलं, ओटी, पाट, नारळ, पाणी. बुढी ताठ बसून ऐकत होती. मध्ये एकदा तिने सोमाजीकडे बघितलं, एकदा मनकर्णाच्या हाताकडे, जो अजून नीलाबाईच्या पाठीवरून फिरत होता.

बुढीच्या स्वतःच्या कपात अर्धी कॉफी उरली होती. तिने तो कप उचलला, त्यात बघितलं आणि न पिता दूर सारला. आई तीही होतीच की.

"वार ड्रिंक इक डान?" तिने सोमाजीलाच विचारलं. मग मी कुठे पिऊ?

सोमाजीच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या हलल्या. "बै ऑन्स," तो म्हणाला. आमच्याकडे.

बुढी काठी टेकत उठली आणि निघाली. तिच्या मागे सोमाजी, मनकर्णा, लालसू आणि अर्धं गाव. सोमाजीच्या सपरीत मनकर्णाने माठातलं पाणी गडव्यात भरून तिच्या हातात दिलं. नीलाबाई घाईने पुढे झाली. नर्स होती ना! "मुडर, ते पाणी नाही उकळ..." एवढं म्हणून तिने पुढे केलेला हात मागे घेतला. बुढीने गडवा तोंडाला लावून गटागटा रिकामा केला, तोंड पुसलं आणि आणखी मागितलं.

महिनाभर बुढी कोसमटोल्यात राहिली. लेकीच्या घरी झोपायची, पण सकाळ झाली की काठी टेकत मनकर्णाच्या चुलीपाशी यायची आणि भात-वरण तिथेच जेवायची. पोटाला काही म्हणता काही झालं नाही. नीलाबाई कुरकुरायची की आई माझी, आणि घरात चहा पिते मी एकटीच. पण आता हे ती हसत म्हणायची.

जायच्या दिवशी बल्लारशाहच्या फलाटावर नीलाबाईने आईच्या हातात प्रवासासाठी पाण्याची सुरई दिली. बुढीने ती धरली आणि परत लेकीपुढे केली. मग वळून सोमाजीकडे बघितलं. तोंडाने काही विचारलं नाही, नुसत्या भुवया वर केल्या.

"बै ऑन्स," सोमाजी म्हणाला. "मनकर्णानं भरली, माय."

मग बुढीने सुरई पोटाशी धरली आणि लेकीला तिथेच ठेवून एकटी डब्यात चढली.